ईस्टरच्या सकाळी रडलं तर चालतं का? (शास्त्रातला शोक आणि आनंद)

मागीलदार (धागालेखिका)

माझी आई ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी गेली. बुधवारी दफन झालं आणि रविवारी पहाटे मी सवयीने मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेले. पहिलंच गीत सुरू झालं. आई ज्या ओळीला आवाज वर चढवायची ती ओळ आली आणि मला आवरेना. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, "आज रडायचं नसतं गं. आज प्रभू उठलाय. ती त्याच्याजवळ आहे, आनंद कर." त्या बाई वाईट नाहीत. आईच्या दुखण्यात दोन महिने आमच्या घरी त्यांचा डबा येत होता. पण ते ऐकून मी उठून बाहेर आले आणि त्यानंतर आत पाऊल टाकलेलं नाही.

दफनाच्या वेळीही असंच झालं. कबरीपाशी प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय वाचला गेला. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये, ते वचन. ते ऐकताच माझ्या बाबांनी हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला. तो रुमाल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून रात्री सगळं आवरलं की मी शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसते. रडू नका असं खरंच कुठे सांगितलंय का, हे मला स्वतः बघायचं होतं. बघता बघता एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायापाशी अडकले. लहानपणापासून हा अध्याय कितीदा तरी वाचलाय, पण शेवटची दोन वचनं कधी नजरेत भरली नव्हती.

ज्यांना प्रसंग आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या फौजेने यरुशलेम पाडलं, शलमोनाने बांधलेलं मंदिर जाळलं आणि लोकांना धरून नेलं. पुढे पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं आणि इ.स.पू. ५३८ च्या सुमारास यहुद्यांना परत जायची मोकळीक दिली. परतलेल्या लोकांनी दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात नव्या मंदिराचा पाया घातला. याजक पोशाख घालून कर्णे घेऊन उभे राहिले, लेव्यांनी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांनी, झांजा घेतल्या, तो चांगला आहे, त्याची दया इस्राएलावर सनातन आहे असं आळीपाळीने गाऊ लागले. ऐन त्या गाण्यात, ज्या म्हाताऱ्या याजकांनी, लेव्यांनी आणि घराण्यांच्या वडिलांनी पहिलं मंदिर स्वतः पाहिलं होतं, ते मोठ्याने रडायला लागले. बाकीचे लोक हर्षाने गजर करत होते. आणि तेरावं वचन सांगतं की हर्षाचा आवाज कुठला आणि रडण्याचा कुठला हे कुणाला ओळखता येईना, गलबला इतका होता की तो दूरवर ऐकू जात होता.

जरा हिशेब करा. मधे पन्नासेक वर्षं गेलेली. मंदिर जळालं तेव्हा जो दहा वर्षांचा होता तो आता साठीचा आहे. त्याच्या बाजूला बाबेलमध्ये जन्मलेला विशी-तिशीतला मुलगा, त्याला मंदिर ठाऊक आहे ते फक्त आजोबांच्या बोलण्यातून. दोघांची नजर एकाच दगडावर, आणि एकाला रडू येतंय, दुसऱ्याला नाचावंसं वाटतंय.

तिथे कुणी कुणाला गप्प केलं नाही. म्हाताऱ्यांचा विश्वास कमी पडला, असा शेराही लिहिणाऱ्याने मारलेला नाही. आवाज मिसळून गेले एवढं सांगून तो पुढच्या गोष्टीला लागतो.

मला असं वाटायला लागलंय की शास्त्रात शोक आणि आनंद एकाच अंगणात, एकाच वेळी उभे असतात, आणि आपण मात्र त्यांना वेगवेगळे वार नेमून दिलेत. मी चुकत असेन तर वचन दाखवून सांगा. नुसता धीर द्यायला लिहू नका, तो घरी येऊन बरेच जण देऊन गेलेत.

---

शेवंती_२

ताई, आईंच्या आत्म्याला शांती लाभो. स्तोत्र ३० मधलं पाचवं वचन आठवलं, रडणं रात्रीपुरतं मुक्कामाला येतं आणि पहाटे हर्ष होतो.

---

मागीलदार

आभार. हे वचन मलाही प्रिय आहे. पण त्यात रात्र संपते आणि मग सकाळ होते. माझी अडचण अशी की सकाळ झाली होती आणि रडणं उठून गेलं नव्हतं.

---

चौथा_बाक

तुमच्या दुःखाचा पूर्ण मान ठेवून वेगळं मत मांडतो. तुम्ही वचन मागितलंत म्हणून.

आनंद करा ही शास्त्रात आज्ञा आहे. पौल फिलिप्पैकरांना लिहितो, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा. हे त्याने लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता, शिक्षा काय होईल याची खात्री नव्हती. थेस्सलनीकाकरांना तर दोन शब्दांत सांगतो, सर्वदा आनंदित असा. 'सर्वदा' या शब्दात ईस्टरही येतो आणि दफनही येतं.

आणि एज्राच्या शेजारीच नहेम्याचं पुस्तक आहे. आठव्या अध्यायात एज्रा लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवतो, लोक ऐकून रडायला लागतात. तेव्हा नहेम्या, एज्रा आणि लेवी काय म्हणतात? रडू नका, शोक करू नका, आजचा दिवस पवित्र आहे. जा, मिष्टान्न खा, गोड प्या, ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाटा पाठवा, खिन्न होऊ नका, परमेश्वराचा आनंद हाच तुमचा दुर्ग आहे. लेव्यांनी लोकांना अक्षरशः गप्प केलं, अकरावं वचन बघा. म्हणजे 'कुणी कुणाला गप्प करत नाही' हे संपूर्ण शास्त्राबद्दल म्हणता येणार नाही.

माझी पत्नी सहा वर्षं अंथरुणावर होती. ती गेली तेव्हा मला या आज्ञेनेच उभं ठेवलं. मी आनंद वाटेपर्यंत थांबलो असतो तर आज हे लिहायला नसतो. मला तोंडाने गावं लागलं, मग बऱ्याच महिन्यांनी मन मागून आलं. तुमच्या शेजारच्या बाईही कदाचित त्याच वाटेने चालून आलेल्या असतील.

---

जुनी_घंटा

मी तेहतीस वर्षं पाळकपण केलं, आता निवृत्त आहे. या धाग्यावर मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, त्यातली एक माझ्या चुकीची आहे.

आधी वचन. थेस्सलनीका इथल्या मंडळीला काळजी होती की प्रभू येण्याआधी जे मरण पावले त्यांचं काय होणार. त्याला उत्तर म्हणून पौल लिहितो. तो 'खेद करू नका' म्हणून पूर्णविराम देत नाही. आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, असं ते वाक्य आहे. आणि तो परिच्छेद संपतो कुठे? या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा, इथे. ज्याला रडूच आलेलं नाही त्याचं सांत्वन कोण कशाला करेल? पहिली मंडळी या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळी होती. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय: स्तेफनाला भक्तिमान माणसांनी पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा आकांत केला. भक्तिमान माणसांनी, हे लूक मुद्दाम लिहितो. नवव्या अध्यायात दुर्कस मरण पावते तेव्हा विधवा बायका तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे पेत्राला दाखवत रडत उभ्या राहतात. पेत्र त्यांना उपदेश करत बसत नाही.

आता चूक. माझ्या एका मंडळीचं जुनं कौलारू मंदिर पावसात गळायला लागलं म्हणून उतरवलं आणि त्याच जागी नवीन बांधायला काढलं. पायाभरणीला बँड होता, फुगे होते, बाहेरगावचे पाहुणे होते. मी प्रार्थनेला उभा राहिलो आणि पुढच्या रांगेतली चार-पाच वयस्कर मंडळी रडायला लागली. एका आजींचं लग्न त्या जुन्या छपराखाली झालेलं, आणि मुलाचं दफनही तिथूनच. मला पाहुण्यांसमोर संकोच वाटला. मी माइकवरून म्हणालो, "आज आनंदाचा दिवस आहे, डोळे पुसा." त्यांनी पुसले. त्यानंतरच्या रविवारी मी एज्रा तिसऱ्या अध्यायावरच उपदेश केला, बांधकामासाठी वर्गणी द्या म्हणून, आणि दहाव्या-अकराव्या वचनांवर थांबलो. पुढची दोन वचनं वाचलीच नाहीत. त्या आजी आता नाहीत.

---

उंबरठा

मी हिब्रू शिकतेय, अजून विद्यार्थिनीच आहे, पण इथे भाषेतून काही दिसतंय ते सांगते.

एज्रात 'हर्षाचा गजर' यासाठी जो शब्द आहे तो 'तरुआ'. मूळ अर्थ मोठा आरोळीवजा आवाज. लढाईची आरोळी, धोक्याचा इशारा, राजाचा जयजयकार, शिंगाचा नाद, सगळ्याला तरुआच. म्हणून तिथे 'हर्षाची तरुआ' असं सांगावं लागतं. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे यहुदी नववर्षाला, मेंढ्याचं शिंग फुंकतात त्याला नियमशास्त्रात तरुआचा दिवस म्हटलंय. हा आवाज नेमका कसा काढायचा यावर तालमुदात, यहुदी पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, चर्चा आहे. अरामी भाषांतरात तरुआला रडण्याचा शब्द वापरलाय, आणि तोच शब्द शास्ते पाचव्या अध्यायात सीसराच्या आईसाठी येतो. मुलगा लढाईहून का परतत नाही म्हणून खिडकीत बसून ती आक्रंदते. मग पंडित विचारतात, ती कशी रडली? लांब उसासे टाकत, की तुटक हुंदके देत? शंका राहिली म्हणून दोन्ही तऱ्हेने शिंग वाजवायचं ठरलं. सीसरा इस्राएलाचा शत्रू होता. शत्रूच्या आईचा हुंदका नववर्षाच्या शिंगात भरून ठेवलाय.

दुसरा शब्द 'रिन्ना'. स्तोत्र १२६ मध्ये जे अश्रूंनी पेरतात ते रिन्नेने कापतील, असं आहे. आपण तिथे हर्ष किंवा गाणं म्हणतो, बरोबरच आहे. पण स्तोत्र १७ च्या सुरुवातीला कवी देवाला माझ्या विनवणीकडे लक्ष दे म्हणतो तिथे 'रिन्ना'च आहे. यिर्मयाच्या चौदाव्या अध्यायात लोक उपास करतील तरी मी त्यांचं ओरडणं ऐकणार नाही, तिथेही तोच शब्द. उंच, घुमणारा आवाज. तो आनंदाचा की काकुळतीचा हे आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं. त्यामुळे यरुशलेमातल्या लोकांना तो आवाज ओळखता आला नाही याचं मला तरी नवल वाटत नाही.

---

रेवदंडा_ते_अश्दोद

शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी, आजोबा रेवदंड्याचे, मी आता इस्राएलात असते. मराठी अजून घरात आहे.

ज्या मंदिरासाठी ते म्हातारे रडले त्याच्यासाठी आम्ही अजून दरवर्षी रडतो. अव महिन्याची नववी तारीख. दोन्ही मंदिरं त्या दिवशी पडली असं मानतात, पहिलं बाबेलने पाडलं आणि दुसरं इ.स. ७० मध्ये रोमने. उपास असतो, दिवे मंद करून जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. आणि आमच्या कोकणातल्या लोकांनी या दिवसाला नाव काय दिलं? बिरड्याचा सण. वालाच्या बिरड्यावरून. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं, रडायच्या दिवसाला 'सण' कसं म्हणतात. आजी म्हणायची, "सगळे मिळून करतात ना, मग सणच."

विलापगीताचा शेवट फार कठीण आहे. पाचव्या अध्यायाचं शेवटचं वचन, तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस का, आमच्यावर फार रागावलास का. तिथे पुस्तक संपतं. पण आमच्याकडे वाचणारा ते वाचून झालं की एक वचन मागे येतो आणि सगळे मिळून एकविसावं पुन्हा म्हणतात: हे परमेश्वरा, आम्हाला तुझ्याकडे वळव म्हणजे आम्ही वळू. कठीण वचन गाळत नाहीत. वाचतात, आणि मग त्याच्यावर थांबत नाहीत.

अजून एक. जेवणानंतरच्या प्रार्थनेआधी स्तोत्र म्हणायची चाल आहे. आठवड्याच्या साध्या दिवशी स्तोत्र १३७, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलो ते. शब्बाथ आणि सणाला १२६, सियोनेचे बंदिवान परत आले तेव्हा आम्ही स्वप्नात असल्यासारखे होतो ते. भरल्या पोटी दोन्ही.

चौथा_बाक यांच्या बाजूचंही सांगायला हवं. आमच्यात जवळचं माणूस गेलं की सात दिवस बसतात. पण दुखवटा सुरू झाल्यावर मधेच मोठा सण आला तर तो दुखवटा तिथेच संपतो, उरलेले दिवस पुन्हा बसत नाहीत. सगळ्या लोकांचा आनंद एकट्याच्या शोकाच्या वरचढ. माझे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी वल्हांडण आला आणि मी उठले. खरं सांगू? मला तेव्हा राग आला होता. आज तो राग आहे की नाही, सांगता येत नाही.

---

कोरडवाहू

मी ख्रिस्ती नाही, शेतकरी आहे, धागा वाचत होतो. अश्रूंनी पेरणं म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. पहिली पेरणी करपली की दुबार पेरणी येते. तेव्हा जे बी मातीत टाकतो ते घरात खायला राहिलं असतं, किंवा ते उधारीचं असतं. मूठ उघडताना हात जड होतो. तिथे माणूस बी टाकायचं थांबत नाही, आणि डोळ्यातलं पाणीही थांबत नाही. मला वाटतं लिहिणारा शेतात उभा राहिलेला माणूस असावा.

एक विचारतो. देवाच्या पुस्तकात सगळी गाणी शेवटी गोड होतात का? आमच्याकडे मुलीची पाठवणी करताना बायका रडतात आणि वाजंत्री वाजतच असते, तसं काही?

---

उंबरठा

कोरडवाहू, सगळी गोड होत नाहीत. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं सुमारे एक तृतीयांश आहेत. बहुतेकांना मधे वळण असतं. स्तोत्र १३ बघा, 'कुठवर' असं चारदा विचारतं आणि शेवटी गाऊ लागतं. पण स्तोत्र ८८ वळतच नाही. आजारी, एकटा माणूस, पहाटे प्रार्थना करतोय, उत्तर नाही. आणि हिब्रूत त्याचा अगदी शेवटचा शब्द 'अंधार' आहे. पुढे काही नाही. ज्यांनी हा संग्रह लावला त्यांना एक आशेची ओळ जोडणं अवघड नव्हतं. त्यांनी जोडली नाही. मंदिरात गायच्या गीतांमध्ये ते तसंच ठेवलं.

---

चौथा_बाक

मी पुन्हा एक प्रसंग आणतो, कारण मला वाटतं आपण फक्त रडणाऱ्याच्या बाजूने वाचतोय.

दुसरं शमुवेल, एकोणिसावा अध्याय. दावीद राजाच्या मुलाचं, अबशालोमाचं बंड मोडलं, दाविदाचं सैन्य जिंकलं, पण अबशालोम मेला. दावीद वेशीवरच्या खोलीत, माझ्या मुला अबशालोमा, म्हणून आक्रोश करतोय. त्या दिवशीचा विजय शोकात बदलला आणि जिंकून आलेले लोक लढाईतून पळून आल्यासारखे चोरून नगरात शिरले. मग सेनापती यवाब आत जाऊन सुनावतो: ज्यांनी आज तुझा जीव वाचवला त्यांना तू लाजवलंस, ऊठ, बाहेर जा आणि त्यांच्याशी बोल. यवाब कठोर माणूस, अबशालोमाला त्यानेच मारलं. पण या ठिकाणी तो चुकीचं बोलला असं मला म्हणता येत नाही. एकाच्या शोकाने शंभर जणांचा आनंद गुन्हा ठरू नये. मंडळीत एखादी मुलगी पहिल्यांदा ईस्टरला आलेली असते, तिचाही विचार करावा लागतो.

---

मागीलदार

दोन दिवस हे मनात घोळवत होते. दावीद उठून वेशीत बसला, हे खरं. त्याचं रडणं थांबलं असं मात्र लिहिलेलं नाही. आणि तुमचा मुद्दा मला पटतो, माझ्या रडण्याने कुणाला चोरून आत शिरावं लागू नये. म्हणूनच एज्रातला प्रसंग मला जास्त हवासा वाटतो. तिथे तरुणांना लाज वाटली नाही आणि म्हाताऱ्यांनाही डोळे पुसावे लागले नाहीत.

नहेम्याबद्दल. तुम्ही बरोबर सांगितलंत, तिथे रडणं थांबवलंय. मी पुढे वाचत गेले. तो दिवस सातव्या महिन्याचा पहिला. मग मांडवांचा सण. आणि नवव्या अध्यायाची सुरुवात अशी: त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी इस्राएल लोक उपास करून, गोणपाट नेसून, डोक्यावर माती घेऊन जमले. म्हणजे 'आज नको' म्हणणाऱ्यांनी त्या रडण्यासाठी तीन आठवड्यांनी एक पूर्ण दिवस काढून ठेवला. माझ्या शेजारच्या बाईंनी "आज नको, चोविसाव्या दिवशी ये, मी तुझ्यासोबत बसेन" म्हटलं असतं, तर मी बाहेर गेले नसते असं वाटतं.

आणि फिलिप्पैकरांचं पत्र मी आता एका बैठकीत वाचलं. 'सर्वदा आनंद करा' चौथ्या अध्यायात आहे. दुसऱ्या अध्यायात त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी होता ते सांगताना पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. तिसऱ्या अध्यायात तो रडत रडत काही सांगतोय असं स्वतःच म्हणतो. ज्याने 'आनंद करा' असं सांगितलं त्याच माणसाचं रोमकरांस पत्रात माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहेत असंही आहे. दुसऱ्या करिंथकरांसमध्ये तर एका दमात, दुःखी तरी सर्वदा आनंद करणारे. सर्वदा शब्द तिथेही आहे. तुम्ही सहा वर्षं तसंच केलंत, असं तुमचं लिहिणं वाचून वाटलं.

---

वसईची_पोर

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे दिवस वाटून दिलेले आहेत हे खरं, पण मला ते ओझं वाटत नाही. उपासाच्या चाळीस दिवसांत 'आलेलुया' म्हणतच नाहीत. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही, वेदी उघडी करतात, घंटेऐवजी लाकडी खुळखुळा. मग शनिवारी रात्री अंधारात मेणबत्ती पेटते आणि आलेलुया परत येतो. तो परत येतो तेव्हाच कळतं की किती दिवस नव्हता. आणि २ नोव्हेंबरला आख्खं गाव दफनभूमीत, प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या.

पण ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर योहानाच्या विसाव्या अध्यायात आहे, ते कुणीच कसं लिहिलं नाही? पहिल्या ईस्टरच्या सकाळी कबरीपाशी काय चाललं होतं? मग्दालिया मरीया रडत उभी होती. प्रभू उठून झालेला आहे. तिच्या मागेच उभा आहे. आणि ती रडतेय. आधी देवदूत विचारतात, बाई, का रडतेस? मग तो स्वतः तेच विचारतो. आज रडायचं नसतं, असं तो म्हणत नाही. तिला वाटतं माळी आहे. ती त्या माळ्याला आपलं दुःख सांगते, आणि मग तो तिला नावाने हाक मारतो.

जगातला पहिला ईस्टर रडण्यानेच सुरू झाला.

---

जुनी_घंटा

वसईच्या मुली, हे मी चाळीस ईस्टरना वाचलं असेल आणि दरवेळी हाकेपर्यंत पोचायची घाई केली.

यात एक भर. योहानाच्याच अकराव्या अध्यायात आपला मित्र लाजर याच्या कबरीकडे जाताना येशू रडला. पाच मिनिटांत तो लाजराला उठवणार आहे हे त्याला ठाऊक आहे. तरी रडला. पुढचा आनंद माहीत असणं हे रडण्याच्या आड आलं नाही. लाजराची बहीण मरीया आणि यहुदी रडत होते त्याला ग्रीकमध्ये एक शब्द आहे, हंबरडा म्हणा, आणि येशूसाठी वेगळा शब्द, नुसतं डोळ्यांतून पाणी येणं. त्याआधी तो मनात खवळला असंही म्हटलंय. मरणाचा त्याला रागही आला होता.

केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणत होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, पण मधल्या महिन्यांत ते काम त्यांनी खाली ठेवलं नाही. 'येशू रडला' हे शब्द आपल्या भाषेत लिहून देणाऱ्या हातांमागे असंही एक घर होतं, हे मला वाचताना आठवतं.

---

चौथा_बाक

लूक दोन विचित्र वाक्यं लिहितो, बघितलीत का? येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्य दुःखामुळे झोपी गेले होते. आणि प्रभू उठल्यावर त्याचे हातपाय पाहूनही त्यांना आनंदामुळे विश्वास ठेवता येईना. दोन्हींनी माणूस गांगरतो. कुठल्याही वेळी त्याने त्यांना बाहेर काढलं नाही. दुसऱ्या वेळी तर खायला काही आहे का म्हणून विचारलं.

माझं मत मी सोडलेलं नाही. आज्ञा आज्ञाच आहे. पण रोमकरांस बाराव्या अध्यायातही आज्ञाच आहे, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. ती मी या सहा-सात वर्षांत एकदाही पाळली नाही हे मला इथे लिहितानाच कळलं. सगळ्यांना माझ्याच औषधाची बाटली देत राहिलो.

मागीलदार, तुमचे बाबा कसे आहेत?

---

मागीलदार

विचारलंत, बरं वाटलं.

बाबा गवंडीकाम करायचे. काल रात्री त्यांना एज्राचा तिसरा अध्याय मोठ्याने वाचून दाखवला, शेवटच्या दोन वचनांसकट. ऐकून बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्यांना बांधकाम पुरं झालेलं दिसलं का?" मी सांगितलं की काम मधे बरीच वर्षं बंद पडलं, दारयावेश राजाच्या सहाव्या वर्षी, अदार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी पुरं झालं, म्हणजे इ.स.पू. ५१५ च्या आसपास. पाया घातल्यावर वीसेक वर्षांनी.

"साठीचे होते म्हणतेस ना?"

"हो."

"मग बहुतेक नाही दिसलं."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा लावून सहावा अध्याय स्वतः वाचला. मंदिराचं समर्पण, शंभर बैल, दोनशे मेंढे, चारशे कोकरं, सगळ्यांनी आनंदाने केलं. बोट ठेवून वाचत होते. सोळाव्या वचनावर बोट थांबलं. म्हणाले, "इथे रडणारं कुणी नाही गं. म्हातारे उरलेच नसतील."

आणि मग त्यांनी खिशातून रुमाल काढला.